टाळूच्या ऑपरेशननंतर बाळाची झोप पार विस्कटली आहे, सल्ला हवा

धागाकर्ती

लेक १० महिन्यांची, वजन ८ किलो. दुभंगलेल्या टाळूचं ऑपरेशन होऊन आज सहावा दिवस. दोन्ही कोपरांना स्प्लिंट (हात दुमडून तोंडात जाऊ नयेत म्हणून बांधलेले ताठ पट्टे) आहेत, ते तीन आठवडे ठेवायचे आहेत. ऑपरेशनच्या आधी रात्री एकदाच उठायची. कालच्या रात्रीची नोंद देते.

दुपारी २ ला पॅरासिटामॉल. संध्याकाळी ७:४५ ला झोपली. ९:२० ला रडत उठली. ११ ला उठली, ४० मि.ली. दूध कसंबसं प्यायली. १२:३० ला किंचाळत उठली, तेव्हा पॅरासिटामॉल दिलं, १:१५ ला झोप लागली. ३:५० ला उठली, ९० मि.ली. दूध. ५:३० ला उठली ती उठलीच.

दिवसभरात दूध ३५० मि.ली. गेलं, आधी ६०० जायचं. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल १२० मि.ग्रॅ. 'दुखल्यास, दर ६ तासांनी' असं लिहून दिलंय. ताप नाही. झोपेत घोरते. डोक्याखाली उशी देऊ का? आणि सर्दी-ॲलर्जीच्या औषधाने गुंगी येते म्हणतात, तसं काही एखाद्या रात्रीपुरतं चालेल का?

प्रतिसाद १

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही, एका रात्रीपुरतंही नाही. टाळू शिवल्यावर आतली जागा अरुंद झालेली असते, सूज असते, म्हणूनच घोरणं वाढतं. अशा बाळाला गुंगी आणणारं काहीही मनाने देऊ नये. घरात कोडीन असलेलं खोकल्याचं औषध असेल तर तेही दूर ठेवा. १२ वर्षांखालच्या मुलांमध्ये त्याने श्वास मंदावण्याचा धोका असतो, २०१७ पासून अमेरिकेच्या औषध नियामकाने ते या वयाला वर्ज्यच ठरवलंय.

आता तुमची नोंद बघा. सगळ्यात लांब सलग झोप १:१५ ते ३:५०, म्हणजे औषधानंतरची. त्याआधीचा डोस दुपारी २ चा. त्याचा असर रात्री ८ पर्यंत संपलेला, आणि नेमकी तिथूनच उठाउठ सुरू. झोपेची सवय बिघडली असती तर अशी वेळ जुळली नसती. हे दुखणं आहे. 'दुखल्यास' लिहिलं की आपण रडण्याची वाट बघतो, आणि तोंडावाटे दिलेल्या औषधाला लागू पडायला अर्धा ते एक तास लागतो. तोवर बाळ रडून दमतं, रडण्याने नाक चोंदतं, मग झोप लागणं आणखी लांबणीवर पडतं.

उद्या सकाळी शस्त्रक्रिया विभागाला फोन करून एवढंच विचारा: हाच डोस पुढचे दोन-तीन दिवस घड्याळ लावून दिला तर चालेल का? हो म्हणाले तर संध्याकाळी ७:१५, रात्री १:१५, सकाळी ७:१५, दुपारी १:१५ अशा वेळा तुमच्या झोपेला नीट बसतात. १:१५ चा डोस ती उठायच्या आत, अर्धवट जागी करून, बसत्या स्थितीत द्यायचा. प्रत्येक डोसाआधी ताप बघा, कारण पॅरासिटामॉलने ताप झाकला जातो. आयबुप्रोफेन हे दुसरं वेदनाशामक सर्जननी सांगितल्याशिवाय नको.

प्रतिसाद २

वरच्या सल्ल्याबरोबर एक गोष्ट आजच करा: बाटलीवरचं प्रमाण वाचा. ड्रॉप्समध्ये बहुधा १ मि.ली. मध्ये १०० मि.ग्रॅ. असतं, सिरपमध्ये ५ मि.ली. मध्ये १२० किंवा २५० मि.ग्रॅ. म्हणजे तुमचे १२० मि.ग्रॅ. ड्रॉप्समधून १.२ मि.ली. होतात आणि १२० च्या सिरपमधून ५ मि.ली. सिरपचा हिशेब डोक्यात ठेवून ड्रॉप्स ५ मि.ली. गेले तर ५०० मि.ग्रॅ. पोटात जातात, चौपटीहून जास्त. रात्री एकच्या अंधारात आणि दोघं आलटून पालटून उठत असताना ही चूक सहज होते. घरात एकच बाटली ठेवा आणि मि.ग्रॅ. व मि.ली. दोन्ही कागदावर लिहून तिलाच चिकटवा. डोस दिल्या क्षणी वेळ लिहायची, 'सकाळी लिहू' नाही.

सिरिंजचं टोक टाळूकडे कधीच न्यायचं नाही. खालची हिरडी आणि गाल यांच्या मधल्या खोबणीत जेमतेम टेकवायचं आणि पाव-पाव मि.ली. सोडायचं. गिळल्याचं दिसलं की पुढचं. ओकली तर मनाने पुन्हा देऊ नका, फोन करून विचारा.

प्रतिसाद ३

३:५० चे ९० मि.ली. ही भूक आहे. दिवसा गिळताना दुखतं म्हणून ती कमी पिते आणि रात्री वसूल करते. औषध लागू झाल्यावर, म्हणजे डोसनंतर ४०-४५ मिनिटांनी, मोठं फीड द्या. मध्ये दोन-दोन तासांनी ४०-५० मि.ली. चमच्याने किंवा कपने, जे तुम्हाला सांगितलं असेल त्याने. चोखणी मात्र टाळूवर घासते, झोपवण्यासाठीही नको. रात्रीचं दूध आत्ता तोडायला जाऊ नका, तिला ते हवंय.

लंगोट मोजा. आठ तास कोरा राहिला किंवा २४ तासांत चारपेक्षा कमी ओले झाले तर लगेच कळवा. शी दोन दिवस झाली नसेल तर तेही सांगा, पोट तटलं की बाळ पहाटे पाय पोटाशी घेऊन उठतं आणि आपण टाळूलाच दोष देत बसतो.

धागाकर्ती

बाटली तपासली, ड्रॉप्सच आहेत, १.२ मि.ली. देत होतो, बरोबर निघालं. शी काल झाली. स्प्लिंटमुळे उठत असेल असं कसं ओळखायचं?

प्रतिसाद ४

दुखून उठलेलं बाळ कडेवर घेऊनही रडतं, लाळ गाळतं, गिळायचं टाळतं. स्प्लिंटमुळे उठलेलं बाळ हात झटकतं आणि उचललं की मिनिटाभरात गप्प होतं. तुमची ९:२० ची जाग कशी होती ते आठवून बघा.

स्प्लिंटचं वरचं टोक काखेपासून दोन बोटं खाली हवं, नाहीतर हात खाली आला की टोचतं. आत लांब बाह्यांचा सुती सदरा घाला, त्याची बाही स्प्लिंटच्या खालच्या कडेवर उलटून घ्या, म्हणजे मनगटाला कड लागत नाही आणि स्प्लिंट सरकतही नाही. पट्टा लावल्यावर आत एक बोट सहज गेलं पाहिजे. बोटं गार, निळसर किंवा सुजलेली दिसली तर ताबडतोब सैल करा. तुम्हाला तशी मुभा दिली असेल तर दिवसातून तीन-चार वेळा एका वेळी एकच हात सोडा, दहा मिनिटं, तो हात आपल्या हातात धरून. कोपर हळूच दुमडा, उलगडा, त्वचा बघा. शेवटची खेप झोपायच्या अगदी आधी ठेवा, आखडलेला हात मोकळा झाला की पहिली झोप लांबते.

पालथी वळली तर हात दुमडता येत नसल्याने तिला परत उलटणं अवघड जातं. स्प्लिंट आहेत तोवर रात्री कुणीतरी हाताच्या अंतरावर असावं, पण तिचा बिछाना वेगळा.

प्रतिसाद १

उशीचं राहिलं होतं. उशी नको, गादीखाली घड्या घालणं नको. पाठीवर, सपाट, घट्ट गादी, आजूबाजूला काही नाही. उतारावर बाळ घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि आधीच अरुंद झालेली वाट आणखी बंद होते. बाउन्सर आणि कारसीटमधली झोप याच कारणाने वाईट. सर्जननी डोकं वर ठेवायला सांगितलं असेल तर 'किती आणि कशाने' हे त्यांच्याकडूनच समजून घ्या. आणि कितीही दमलात तरी तिला छातीवर घेऊन सोफ्यावर टेकू नका, तिथे तुमचा डोळा लागणं हा सगळ्यात मोठा धोका. रात्र दोघांत वाटून घ्या, ९ ते २ आणि २ ते ७, म्हणजे प्रत्येकाला पाच तास सलग मिळतात.

घोरणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. श्वास अडून थांबणं, बरगड्यांमध्ये खळगा पडणं, ओठ निळसर, तोंडातून ताजं लाल रक्त, यातलं काहीही दिसलं तर फोनची वाट न बघता थेट हॉस्पिटल. लाळेत पुसट गुलाबी धागा सुरुवातीच्या दिवसांत दिसू शकतो. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप गेला तर कळवा.

प्रतिसाद ३

दिवसाच्या झोपेबद्दल कुणी लिहिलं नाही. या वयाला २४ तासांत १२ ते १६ तास झोप लागते आणि आत्ता ती जास्तीकडे झुकेल. दिवसा जागं ठेवून रात्री झोपेल हा हिशेब दमलेल्या बाळाला लागू होत नाही, अति थकल्यावर उलट दर तासाला जाग येते. दोन-अडीच तास जागी राहिली की झोपवा. सकाळी उठल्यावर पडदे उघडा, संध्याकाळी सहानंतर दिवे मंद. हॉस्पिटलमध्ये दिवस-रात्र एकच उजेड असतो, ते घड्याळ पुन्हा असंच लागतं.

ऑपरेशननंतर चिकटून राहणं, खोलीतून कुणी गेलं की रडणं दोन-चार आठवडे चालू शकतं. रडू देऊन झोपवायच्या पद्धती तोवर बाजूला ठेवा, टाक्यांसाठीही आणि तिच्यासाठीही. उचलून घ्या.

स्प्लिंट निघाल्यावर दोन रात्री काहीच बदलू नका, मोकळे हात हीच तिला नवी गोष्ट असेल. मग दिवसाचं दूध आधीच्या ६०० वर आलं की रात्रीचं फीड तीन-तीन दिवसांनी २०-२० मि.ली. कमी करा. कडेवर झोपवण्याची सवय सर्वांत शेवटी सोडवायची.