सोंकसचं तिसरं रोप: पान एक सांगतं, फळ दुसरंच

कुंचला२२
सोंकसची (सूर्यफुलाच्या कुलातलं एक तण) तीन रोपं दाबून वाळवली आहेत. एक ओलेरासियस, एक आस्पेर (दोन्ही सोंकसच्याच जाती), यात शंका नाही. तिसऱ्याने मात्र पंधरा दिवस डोकं खाल्लंय. पानं चांगलीच काटेरी, म्हणून मी छातीठोकपणे ‘आस्पेर’ लिहून टाकलं. नंतर फळ भिंगाखाली धरलं, तर उभ्या शिरांच्या मधे बारीक आडव्या सुरकुत्या! आस्पेरमध्ये ती जागा गुळगुळीत हवी. एक मित्र म्हणतो, गुणसूत्रं मोज आणि मोकळा हो. माझा हात स्क्वॅशला (पेशी काचेखाली दाबून पसरवायला) बसलेला नाही, पेशी चिरडूनच टाकतो. नुसत्या फळावर नाव बदलू का?

जुनं भिंग
फळ पुरतं पिकलेलं होतं का? कोवळं फळ वाळताना आकसतं आणि नको तिथे सुरकुततं. एकाच फळावर जाऊ नकोस. कडेची वेगळी घे, मधली वेगळी. सोंकसमध्ये फार फरक पडणार नाही, पण कॅलेंड्युलात एकाच मुंडकात (बारीक फुलांच्या झुपक्यात) इतकी निरनिराळी फळं मिळतात की दोन जाती वाटाव्यात. आणि पॅपसच्या (फळाच्या टोकावरच्या तुऱ्याच्या) केसांना भुलू नकोस. या कुलात पॅपस अनेकदा स्वतंत्रपणे नाहीसा झालाय, तो नसला म्हणजे नातं ठरत नाही.

मेटाफेज
इथे मोजच. आस्पेर १८, ओलेरासियस ३२. गंमत अशी की ओलेरासियसचा १६चा (म्हणजे अर्धा) संच म्हणजे आस्पेरचे ९ अधिक टेनेरिमस या आणखी एका सोंकस जातीचे ७, असं मानतात. आस्पेरचा वारसा अंगात असताना पान थोडं काटेरी निघालं तर नवल काय? तुझं रोप या दोघांचा संकर असेल तर २५ (९ अधिक १६) मिळतील.
वाळलेलं रोप चालेल, फळं रुजव. मुळांची टोकं सकाळी काढ, ८-हायड्रॉक्सीक्विनोलिनमध्ये (याने पेशींचं विभाजन मधेच थांबतं) ठेव, मग फिक्स कर (पेशी आहेत तशा टिकव), अ‍ॅसिटोकार्मिनने रंगव. अंगठा सरळ खाली दाबायचा, घासायचा नाही. तुझ्या पेशी तिथेच मरतात.

मधला थर
मेटाफेजचं सोंकसपुरतं पटलं, पण गुणसूत्रांना सर्वज्ञ करू नका. कॅमोमाइल घ्या. मॅट्रिकेरिया आणि ट्रिप्लुरोस्पर्मम या दिसायला सारख्या दोन प्रजाती, दोघांची मूलसंख्या (गुणसूत्रांच्या मूळ संचाचा आकडा) ९. मोजून हाती काय येणार? तिथे फळ बोलतं: ट्रिप्लुरोस्पर्ममला एका अंगाला तीन जाड कणे, पाठीवर वरच्या टोकाशी दोन राळग्रंथी. व्हर्नोनियात उलटं. जुन्या जगातल्या जातींची मूलसंख्या ९ किंवा १०, अमेरिकेतल्यांची १७. त्या प्रजातीची फोड करताना हा आकडा फार कामाला आला.

कुंचला२२
अकरा फळं पेरली, चार रुजली. कडेची, मधली सगळी पाहिली, सुरकुत्या सगळ्यांवर. अंगठा सरळ दाबला (हे कुणी आधीच का सांगितलं नाही!) आणि तीन पेशी मोजण्याजोग्या मिळाल्या: ३२, ३२, ३१. तिसरीत एक बहुधा दुसऱ्याखाली दडलंय. तेव्हा ओलेरासियसच. जुनं लेबल ठेवलंय, खाली नवी चिठ्ठी डकवली. आता काटे बघूनच ‘आस्पेर’ ठरवलेल्या आणखी दोन शीट कपाटात आहेत, त्या बाहेर काढतो.