कैदी, कच्चा कैदी, स्थानबद्ध: निवडणुकीला उभं कोण राहू शकतं?

घाटमाथा: २०२४ च्या लोकसभेत दोघे तुरुंगातून निवडून आले. खडूर साहिबमधून अमृतपाल सिंग आणि बारामुल्लातून इंजिनिअर रशीद. आमच्याकडे बोलताना दोघांनाही सरसकट 'कैदी' म्हणतात. हा शब्द बरोबर आहे का?

तळटीप: चूक नाही, पण फार ढोबळ आहे. तुरुंगाच्या दप्तरी भाषेत 'बंदी' म्हणतात आणि त्याआधी विशेषण लावतात. शिक्षा झालेला तो सिद्धदोष बंदी. खटला चालू आहे पण जामीन नाही, तो न्यायाधीन बंदी, म्हणजे बोलीतला कच्चा कैदी. पुढे काही करू नये म्हणून ज्याला आधीच डांबलं, तो स्थानबद्ध. रशीद तिहारमध्ये न्यायाधीन होते, अमृतपाल आसाममधल्या दिब्रुगडला रासुकाखाली, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली, स्थानबद्ध. मला 'कच्चा कैदी' हाच शब्द सगळ्यात नेमका वाटतो. कच्ची पावती, कच्चा खर्डा यांतला हा कच्चा: अजून पक्कं काही झालेलं नाही.

घाटमाथा: मग कच्च्या कैद्याला मतही देता येत असेल ना?

तळटीप: नाही! लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) प्रमाणे तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असलेल्याला मतदान करता येत नाही. अपवाद स्थानबद्धाचा, त्याला टपाली मत आहे. १० जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ज्याला मत देता येत नाही तो मतदार नाही, म्हणून उमेदवारही नाही. त्याच वर्षी संसदेने दुरुस्ती केली: मतदानाला मनाई असली तरी यादीत नाव असलेला माणूस मतदार राहतोच.

ओवी: म्हणजे सगळा वाद 'मतदार' या शब्दाचाच. यातला 'दार' फारसी आहे, बाळगणारा या अर्थाचा. जमीनदार, दुकानदार तसा मतदार. मत देणारा तो मतदाता. आपला रोजचा शब्द संसदेच्या बाजूने आहे.

तळटीप: वा, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण मग मत बाळगणाऱ्याला ते देऊ का नये? स्वतः उमेदवार असूनही स्वतःला मत नाही, हे मला अजिबात पटत नाही.

घाटमाथा: उभं राहू द्यावं हे तरी पटतं का?

तळटीप: कच्च्या कैद्याला, हो. १९७७ मध्ये समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिस बडोदा डायनामाइट खटल्यात (आणीबाणीत सरकारविरुद्ध स्फोटांचा कट रचल्याचा आरोप) तुरुंगात असताना मुझफ्फरपूरहून निवडून आले. सरकार बदललं आणि खटला मागे घेतला गेला. नुसत्या आरोपावर उमेदवारी जाणार असेल, तर विरोधकाला बाजूला सारायला एक अटक पुरेल. सिद्धदोषाचं वेगळं. २ वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की तो अपात्र, सुटल्यावर आणखी ६ वर्षं. ते योग्यच आहे.

ओवी: 'अपात्र' की 'अनर्ह'? महाराष्ट्राच्या १९८६ च्या स्थानिक प्राधिकरणांच्या कायद्याच्या नावात 'अनर्हता' आहे.

तळटीप: अर्थ एकच. कागदावर अनर्ह चालेल, पण गावात सांगताना अपात्रच म्हणा, लोकांना लगेच कळतं.