स्टालिनग्राड ठीक आहे, पण हिटलर डिसेंबर ४१ मध्येच हरला होता (वाद घाला)

रॉकेलचा_डबा :
काल रात्री भाऊजींशी वाद झाला, जेवणं गार झाली, ताई वैतागली, तरी मिटला नाही म्हणून इथे टाकतोय. त्यांचं म्हणणं तेच जे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात शाळेपासून बसलंय, की दुसऱ्या महायुद्धाचं पारडं रशियातल्या व्होल्गा नदीकाठच्या स्टालिनग्राड शहराच्या लढाईत फिरलं. मला ते पटत नाही. माझ्या मते ५ ते ११ डिसेंबर १९४१ हा एकच आठवडा, त्यात सगळं आलं. ५ तारखेला मॉस्कोसमोर रशियन उलटे चालून आले, ७ ला जपाननं पर्ल हार्बर केलं, आणि ११ ला हिटलरनं कुणी मागितलेलं नसताना अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं. आता बघा, तेव्हा जगातलं निम्म्याहून जास्त तेल एकटी अमेरिका काढायची. जपान आपलं जवळपास ८० टक्के तेल तिच्याकडूनच घ्यायचा. जर्मनीकडे काय, तर रुमानियातल्या प्लोएश्तीचं तेल आणि कोळशापासून बनवलेलं कृत्रिम पेट्रोल. म्हणजे ज्याच्या पंपावर उधारी त्याच्याशीच मारामारी.

आमचा ट्रान्सपोर्टचा छोटा धंदा आहे, सहा गाड्या. डिझेलचं बिल थकलं की ड्रायव्हर कितीही हुशार असू दे, गाडी गेटवरच उभी राहते. जर्मन रणगाड्यांचे फोटो आपण बघतो, पण जून ४१ मध्ये रशियात शिरलेल्या त्या सैन्याबरोबर सहा लाखांच्या वर घोडे होते हे कुणी सांगत नाही. आठ-दहा आठवड्यांत संपवू म्हणून निघालेले, संपलं नाही, तिथेच खेळ खल्लास. पुढची साडेतीन वर्षं नुसती वसुली.

व्होल्गाकाठचा :
नुसती वसुली म्हणे. साहेब, निकाल लागल्यावर पेपर सोडवताय तुम्ही. सगळं डिसेंबरातच ठरलं होतं तर २८ जुलै १९४२ ला स्टालिनला "एक पाऊलही मागे नाही" असा २२७ नंबरचा आदेश काढायची वेळ का आली? त्याच ऑगस्टमध्ये जर्मनांनी कॉकेशसमधल्या एल्ब्रुस शिखरावर झेंडा लावला. हरलेला माणूस झेंडे लावत फिरतो का? २३ ऑगस्टला जर्मन विमानांनी स्टालिनग्राड शहर जाळलं, मग दोन-अडीच महिने जिन्या-जिन्यावर, तळघरा-तळघरात मारामारी, ट्रॅक्टरच्या कारखान्यात एका शेडमध्ये हे आणि दुसऱ्या शेडमध्ये ते. १९ नोव्हेंबरला रशियनांनी बाजूच्या रुमानियन फौजांवर घाव घातला, २३ ला कलाचजवळ फास आवळला आणि जर्मन बाजूची अडीच लाखांहून जास्त माणसं आत कोंडली गेली. हिटलरचा हवाईदलप्रमुख गोरिंग म्हणाला विमानानं रसद पोचवतो. रोजची कमीत कमी गरज ३०० टन, पोचत होतं सरासरी शंभर-सव्वाशे. घोडे कापून खाल्ले. शेवटी ९१ हजार कैद झाले, त्यातले घरी परत गेले पाच-सहा हजार. ह्याला टर्निंग पॉइंट नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

रॉकेलचा_डबा :
झेंड्याचं कौतुक राहू द्या. ४१ मध्ये जर्मन तीन आघाड्यांवर एकदम चालून गेले, लेनिनग्राड, मॉस्को आणि युक्रेन. ४२ मध्ये फक्त दक्षिणेकडे. का? बाकीच्या दोन आघाड्या चालवायला माणसं, गाड्या, पेट्रोल काहीच उरलं नव्हतं. आणि दक्षिणेलाच का, तर तेलासाठी. कॉकेशसमधल्या मैकोप आणि ग्रोझनीचं तेल मिळालं नाही तर हे युद्ध थांबवावं लागेल असं हिटलर म्हणाला होता, हे स्टालिनग्राडला कोंडलेल्या जर्मन फौजेचा सेनापती पाउलस ह्यानंच नंतर न्यूरेम्बर्गच्या खटल्यात सांगितलं. ९ ऑगस्टला मैकोप हाती आलं तर विहिरी रशियनांनी आधीच उद्ध्वस्त केलेल्या. पुढे तर रणगाड्यांचं पेट्रोल आणणाऱ्या ट्रकांचंच पेट्रोल संपायला लागलं, काही ठिकाणी उंटांवरून आणलं. उंटांवरून!! ह्याला जिंकणारं सैन्य म्हणायचं का तुम्हीच सांगा.

मिरज_जंक्शन :
तेलावर फार जोर दिलाय, रेल्वे विसरलात. माझे वडील मिरज यार्डात होते. एकेकाळी आमच्याकडे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइटची नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या यायच्या. एका गाडीतली पोती उतरवायची, पाठीवरून पलीकडच्या गाडीत टाकायची, परत मोजायची, परत पावती. पावसात तर विचारू नका, वडील सांगायचे की साखरेचं पोतं भिजलं की हमालाच्या पाठीला मुंग्या. आता हेच रशियात करा. युरोपचा रूळ १४३५ मिलिमीटर, रशियाचा १५२४. फरक चार बोटांचा, पण जर्मन इंजिन त्यावर चालत नाही. बरं एक रूळ उचलून आत ठोकणं एवढं अवघड नव्हतं, ते त्यांच्या पलटणी भराभर करत होत्या. खरी अडचण पाण्याची. रशियन इंजिनं मोठी, एकदा पाणी भरलं की लांब जायची, त्यामुळे पाण्याची स्टेशनंही लांब लांब. जर्मन इंजिनाला मधेच तहान लागायची. आणि त्यांच्या नळ्या बाहेरून, थंडी पडली तशा गोठून फुटल्या. मॉस्कोच्या दारात सैनिक उन्हाळी कपड्यात कुडकुडत होते आणि गरम कोट मागे पोलंडमध्ये पडून होते. कारण काय, तर गाडीत जागा दारूगोळ्याला द्यायची की कोटांना. म्हणजे डिसेंबर ४१ वर मी तुमच्या बाजूनं आहे, पण तेलामुळे नाही.

पाच_मार्कांचा_प्रश्न :
धागा भरकटतोय. युद्ध कुठे फिरलं हे नंतर, सुरू का झालं ते आधी बोला. व्हर्सायचा तह हेच मूळ. १९१९ साली जर्मनीच्या नाकावर टिच्चून सही घेतली, सगळा दोष तिच्या माथी मारला, २१ साली १३२ अब्ज सोन्याच्या मार्कांचं बिल पाठवलं. अपमान झालेला देश उठणारच.

हिशोबनीस :
@पाच_मार्कांचा_प्रश्न हे उत्तर लिहून आम्हालाही मार्क मिळालेत, पण आकडे जुळत नाहीत हो. मे १९२८ च्या निवडणुकीत, म्हणजे तहानंतर तब्बल नऊ वर्षांनी, हिटलरच्या पक्षाला मतं किती? २.६ टक्के. जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के. मधल्या चार वर्षांत तह बदलला नव्हता, मधे जागतिक मंदी आली आणि ६० लाख लोक बेकार झाले. आणि ती भरपाई? ती ३२ च्या लोझान परिषदेत जवळपास रद्दच झाली, हिटलर सत्तेवर यायच्या आधी. अपमान होता, नाही म्हणत नाही, पण नुसत्या अपमानावर मतं पडत नाहीत, चूल विझली की पडतात.

सोलापुरी_चादर :
सगळे युरोपातच फिरताय. युद्ध १ सप्टेंबर ३९ ला पोलंडमध्ये सुरू झालं हे कुणी ठरवलं? ७ जुलै १९३७ ला पेकिंगजवळ (आताचं बीजिंग) मार्को पोलो पुलावर गोळीबार झाला तेव्हापासून चीन आणि जपान लढतच होते. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून तिकडे गेले, पोलंडवर हल्ला व्हायच्या एक वर्ष आधी. जखमी कुठल्या युद्धातले होते मग? ते ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले, वय ३२. त्यांचं घर आता स्मारक आहे, शाळेतून आम्हाला तिकडे नेलं होतं.

आणि धागाकर्त्याच्या तेलाचं मूळही तिथेच आहे बरं का. जपानचं तेल अमेरिकेनं का तोडलं? जुलै ४१ मध्ये जपान दक्षिण इंडोचायनात शिरला म्हणून. तिथे का शिरला? चीनमध्ये अडकला होता, धड जिंकता येईना धड सोडता येईना. म्हणजे पर्ल हार्बरची वात चीनमध्येच पेटली होती.

रॉकेलचा_डबा :
@सोलापुरी_चादर हे मी विचारातच घेतलं नव्हतं. मान्य. पण माझा मुद्दा अजून भक्कम झाला ना, तेलच!

शंकासुर :
नाही झाला. मला ह्या सगळ्या तेल-रूळ-कोट प्रकाराचाच राग येतो, सॉरी. असं वाचलं की वाटतं हिटलर म्हणजे कुणी बिचारा कारखानदार, कच्चा माल कमी पडला म्हणून धंदा बुडाला. तेल कमी होतं म्हणून त्यानं रशियावर हल्ला केला नाही, पूर्वेकडची जमीन घ्यायची आणि तिथल्या लोकांना हटवायचं हे तो १९२५ पासून लिहीत होता. रशियातलं धान्य जर्मन सैन्याला आणि जर्मनीला वळवायचं, तिथले कोट्यवधी लोक उपाशी मेले तरी चालतील, ही योजना हल्ल्याच्या आधी कागदावर तयार होती. जवळपास ५७ लाख सोव्हिएत सैनिक पकडले, त्यातले ३३ लाखांच्या आसपास कैदेत मेले. लेनिनग्राड ८७२ दिवस वेढून ठेवलं. युक्रेनात सुरुवातीला काही गावांनी जर्मनांचं मीठ-भाकरी देऊन स्वागत केलं होतं, स्टालिनचा जाच होता म्हणून. त्याच लोकांना वर्षभरात जंगलात जाऊन बंदूक उचलावी लागली. टर्निंग पॉइंट पाहिजे ना? तो तिथे आहे, ज्या दिवशी लोकांना कळलं की शरण जाऊनही जगता येणार नाही. मग रशियन सैनिक लढला त्यात नवल काय.

व्होल्गाकाठचा :
हे एकदम पटलं. आणि म्हणूनच तर स्टालिनग्राड!

शंकासुर :
तुम्हाला काहीही सांगा, स्टालिनग्राडलाच उतरणार तुम्ही 😄

माणगावची_एसटी :
मी इतिहासवाला नाही, पण "पुढची साडेतीन वर्षं नुसती वसुली" हे वाक्य टोचलं. आमच्या माणगावात यशवंत घाडगेंचा पुतळा आहे, स्टँडवर उतरलेल्या पाहुण्याला आम्ही आधी तो दाखवतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं खोरं. सगळी सेक्शन पडली किंवा जखमी झाली तेव्हा ते एकटे मशीनगनवर धावले, बॉम्ब टाकून ती बंद पाडली, उरलेल्यांना बंदुकीच्या दस्त्यानं मारलं, आणि मग लपलेल्या बंदुकवाल्यांच्या गोळ्या लागून गेले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. आता त्यांच्या घरच्यांना जाऊन सांगा की युद्ध अडीच वर्षांपूर्वीच संपलं होतं. हिंदुस्थानला तर त्यात न विचारताच ओढलं होतं, ३ सप्टेंबर ३९ ला व्हाइसरॉयनं परस्पर जाहीर करून टाकलं.

रॉकेलचा_डबा :
शब्द चुकला, मागे घेतो. मला म्हणायचं होतं की डिसेंबर ४१ नंतर जर्मनीला जिंकता येणार नव्हतं. हरायचं अजून बाकी होतं आणि ते हरवणं लोकांना जीव देऊन करावं लागलं. एकट्या सोव्हिएत युनियनचे दोन कोटी सत्तर लाखांच्या आसपास गेले, त्याला वसुली म्हणणं चूकच.

भाऊजी_स्वतः :
बायकोनं लिंक पाठवली. मी काल विचारलेला प्रश्न ह्यानं इथे सोयीस्करपणे गाळलाय, म्हणून लिहितो. तेलच सगळं ठरवतं ना? ठीक. मग रशियाचं तेल कुठून यायचं? बहुतांश कॅस्पियन समुद्राकाठच्या बाकूहून. ते वर कसं जायचं? कॅस्पियनमधून व्होल्गात, आणि व्होल्गेतून बार्जमधून वर. आणि व्होल्गेवर काय आहे? स्टालिनग्राड. म्हणजे जर्मनांना बाकू मिळालं नसतं तरी नदी कापून रशियन रणगाडे कोरडे पाडता आले असते. तुझंच तेल तुलाच स्टालिनग्राडला घेऊन जातंय रे बाबा. काल हे म्हटलं तेव्हा हा आमटी वाढून घ्यायला स्वयंपाकघरात गेला तो परत आलाच नाही.

व्होल्गाकाठचा :
😂😂 भाऊजी जिंदाबाद

रॉकेलचा_डबा :
आमटी खरंच संपली होती. आणि उत्तर आहे माझ्याकडे. ऑगस्टमध्ये नदीचा रस्ता बंद पडल्यावर रशियनांनी बाकूचं तेल कॅस्पियन ओलांडून क्रास्नोवोद्स्कला नेलं आणि तिथून मध्य आशियातून रेल्वेनं फिरवून वर आणलं. लांबचा रस्ता, पण चालू राहिला. नदी तुटली तरी रशिया थांबला नाही, मग स्टालिनग्राड निर्णायक कसं?

मिरज_जंक्शन :
रेल्वेनं! बोललो होतो ना.

भाऊजी_स्वतः :
क्रास्नोवोद्स्क, ताश्कंद, मग वर उरलकडे. नदीनं किती दिवस लागायचे आणि ह्या रस्त्यानं किती, ते आधी मोज. रविवारी ये, नकाशा काढून ठेवतो. डबा घेऊन ये, तुझी ताई म्हणते ह्या विषयावर ती आता वाढणार नाही.