पंपाची कॅश आणि मुलीची नेमबाजी, एकाच पिस्तुलात भागेल का?

बार्शीकर_पंपवाला

नमस्कार मंडळी. बार्शीजवळ आमचा पेट्रोल पंप आहे. यूपीआय आलं तरी ट्रकवाले आणि शेतकरी अजून रोखच देतात. रात्रीची कॅश घेऊन मी एकटा घरी येतो आणि सकाळी बँकेत भरतो. मध्यंतरी पुढच्या गावातल्या पंपाच्या मॅनेजरला दोन मोटारसायकलींनी आडवलं. तेव्हापासून घरात एकच धोशा, परवाना काढा. त्यात धाकटी लेक, वय 14, मनू भाकरची पदकं बघून नेमबाजीच्या मागे लागलीय.

माझा विचार असा की एकच पिस्तूल घ्यावं. एरवी मी कमरेला लावेन, रविवारी ती सराव करेल. गन हाऊसवाला 'अशनी' हे .32 चं देशी पिस्तूल दाखवतो, मेहुणा म्हणतो 9 एमएमशिवाय घेऊ नका. अर्ज कुणाकडे करायचा? घ्यायचं कोणतं? आणि कमरेला उघडं लावलेलं चालतं का?

आर्मोरर_निवृत्त

पंपवाले, आधी मेहुण्याला गप्प करा. 9 एमएम हे लष्कर-पोलिसांचं बोअर, म्हणजे नळीच्या छिद्राचं माप, कायद्यानं प्रतिबंधित. त्याची परवानगी दिल्लीहून, गृह मंत्रालयाकडून येते, आणि पंपाच्या कॅशसाठी कुणी ती देत नाही. तुमच्यासाठी .32, फार तर .22.

माझी नोकरी पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात गेली. निवडणूक लागली की ठाण्यांत जमा झालेली परवान्याची हत्यारं आमच्यापुढे यायची, त्यामुळे लोक हत्यार कसं ठेवतात ते चांगलं ठाऊक आहे. ठेवतात म्हणजे ठेवूनच देतात. नळीला गंज, काडतुसांवर हिरवा थर, होल्स्टरचं चामडं कडक होऊन पिस्तुलाला चिकटलेलं. एकदा तर मालक म्हणाले रिकामं आहे, आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खणात, गोळी! म्हणून नवख्या माणसाला मी रिव्हॉल्व्हरच सांगतो. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .32 घ्या, सहा गोळ्यांचं. उघडलं की भरलेलं आहे की रिकामं ते डोळ्यांना दिसतं. एखादी गोळी उडालीच नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढची समोर येते. अशनी चपटं आहे, शर्टाखाली छान दडतं, पण मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढलं तरी एक गोळी आत राहू शकते आणि घरातले अपघात त्या एका गोळीनं होतात. 'निर्भीक' हे .32 चं हलकं रिव्हॉल्व्हर अर्ध्या किलोचं आहे म्हणून बायकांना देतात. हलक्या हत्याराचा झटका जास्त बसतो हे दुकानदार सांगत नाही. परदेशी जुनं पिस्तूल कुणी विकायला आणलं तर लांब राहा. आयात ऐंशीच्या दशकात बंद झाली, त्यामुळे भाव अव्वाच्या सव्वा, आणि स्प्रिंग तुटली की सुटा भाग मिळत नाही.

उघडं लावायचं नाही. 2016 च्या शस्त्र नियमांत स्पष्ट आहे, सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात हवं. वरातीत कमरेचं दाखवत फिरणारे बघून तसं करू नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर हौसेनं हवेत बार काढला तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

बार्शी ग्रामीण हद्दीत, म्हणून अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. सोलापूर शहरात राहत असता तर पोलीस आयुक्तांकडे. ऑनलाइन भरायचा. डॉक्टरचा दाखला लागतो, शरीराचा आणि मनाचाही. शिवाय हत्यार हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा. मग ठाण्यातून चौकशी होते, शेजारीपाजारी, जुने गुन्हे, भाऊबंदकीचा वाद. अर्जात 'जिवाला धोका आहे' एवढंच लिहिलं तर फाइल तिथंच बसते. धंद्याचं स्वरूप हा नियमांतला मान्य आधार आहे, तेव्हा बँकेत भरलेल्या कॅशच्या पावत्या, पंपाचं लायसन, पुढच्या गावातल्या घटनेचा गुन्हा नंबर जोडा. नाकारलं तर कारण लेखी मागून घ्या, अपील करता येतं. मिळाला तर परवाना पाच वर्षांचा.

आता न विचारलेलं सांगतो. अंधारात मोटारसायकल आडवी येते तेव्हा तुमचे दोन्ही हात स्टेअरिंगवर असतात. शर्ट वर करून हत्यार काढेपर्यंत समोरच्याचा कोयता काचेवर पडलेला असतो, आणि मग ते हत्यारही तोच घेऊन जातो. त्यापुढची वर्षं तुम्ही 'माझं पिस्तूल कुठं गेलं' याचे जबाब देत बसणार. पंपावर जमिनीत तिजोरी बसवा, बँकेच्या कॅश व्हॅनची चौकशी करा, रोख घरी आणणंच थांबवा. त्यानंतरही हवं वाटलं तर खुशाल अर्ज करा.

कोल्हापूरची_आई

आर्मोरर काका हत्याराचं बोलले, मी लेकीचं बोलते. दादा, .32 चं तिच्यासाठी नावही काढू नका. ती ज्या खेळाच्या मागे लागलीय तो 10 मीटर एअर पिस्तूल. 4.5 मिमीचा छर्रा, ऊर्जा जेमतेम सहा ज्यूल. 4.5 मिमीपर्यंतच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवानाच लागत नाही, दुकानात ओळखपत्र दाखवून मिळतं. दहाचं वर्तुळ 11.5 मिमीचं, म्हणजे आपल्या शर्टाच्या बटणाएवढं! 60 शॉट, एका हातात, दुसरा खिशात.

पण लगेच विकत घेऊ नका. स्टेयर, मोरिनी, वॉल्थर या परदेशी कंपन्यांची पिस्तुलं महागडी आहेत, आणि मूठ प्रत्येकाच्या पंजाला घासून बसवावी लागते. चौदाव्या वर्षीचा पंजा सोळाव्या वर्षी तो राहत नाही. माझी मुलगी आधी क्लबच्या पिस्तुलावर शिकली. सुरुवातीला छर्राच नाही. हात सरळ धरून उभं राहायचं आणि रिकामा चाप ओढायचा. पोरं कंटाळून पळतात ती याच काळात, तेव्हा पैसे त्यानंतर घाला. पुढे वरळीची कॅप्टन इझेकील ही राज्य स्पर्धा, मग राष्ट्रीयच्या आधीची मावळंकर स्पर्धा, मग राष्ट्रीय. 25 मीटरला .22 लागतं, ते परवान्याचं हत्यार. पण 12 वर्षांवरच्या मुलांना देखरेखीखाली सराव करता येतो. राही सरनोबतनं 2018 ला जकार्ता एशियाडचं सुवर्ण त्याच 25 मीटरला घेतलं, आमच्या कोल्हापूरचीच हो ती!

बार्शीकर_पंपवाला

काका, ताई, आभार. तिजोरीवाल्याला फोन केला. मेहुणा रुसलाय. एक राहिलं, वडिलांच्या परवान्यावर आजोबांची दुनळी बारा बोअर आहे. ती माझ्या नावावर होते का? की मग मला रिव्हॉल्व्हर मिळणार नाही?

आर्मोरर_निवृत्त

होते. परवानाधारक 70 वर्षांचा झाला किंवा हत्यार त्याच्याकडे 25 वर्षं असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच वारसाला देऊ शकतो. अर्ज, चौकशी, डॉक्टर सगळं तुमचं नव्यानं होईल. एका माणसाला दोन हत्यारं ठेवता येतात, तेव्हा दुनळीमुळे रिव्हॉल्व्हर अडत नाही. बाकीच्या भावंडांचं ना-हरकत पत्र आधी घ्या, फाइल बहुतेक तिथंच अडते. वडिलांच्या परवान्याची मुदत कधी संपते तेही आजच बघा. संपली असेल तर ती बंदूक घरात ठेवणंच बेकायदा आहे.

बार्शीकर_पंपवाला

मार्चमध्ये संपते. उद्याच सोलापूरला जातो.