'जन्मठेप' आणि 'आजीवन कारावास' एकच ना?

तापीकाठ: एका निकालपत्राचं मराठी करून देतोय. 'जन्मठेप' लिहिलं होतं. वकीलसाहेबांनी ते खोडून 'आजीवन कारावास' केलं, वर म्हणाले, "जन्मठेप 14 वर्षांची असते हो, ही मरेपर्यंतची आहे." मी तर दोन्ही एकच समजत आलो. आणि मुळात ही 'ठेप' म्हणजे काय?

सरकी: लहानपणी मी 'जन्मढेप' ऐकायचो. चोपड्याला आमच्या गोठ्यात सरकीची ढेप कायम. मला वाटे, खुनी माणसाला जन्मभर ढेप खाऊ घालतात. म्हैस तर मिटक्या मारत खाते, मग यात शिक्षा कसली, असं आजोबांना विचारलं आणि धपाटा खाल्ला.

काळाकोट: वकीलसाहेब चुकले. 14 ही मुदत नव्हे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली, तर 14 वर्षं भरण्याआधी सोडता येत नाही, असं कलम 1978 साली आलं. म्हणजे तो उंबरठा, शेवट नाही. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने गोपाळ गोडसे प्रकरणात 1961 सालीच सांगितलंय.

तापीकाठ: मग सावरकरांना दोन जन्मठेपा मिळून 50 वर्षं कशी? माणसाला जन्म एकच. म्हणजे 'ठेप'मध्ये मुदत आहेच!

काळाकोट: ती काळ्या पाण्याची. 'जन्मठेप' तेव्हा त्यालाच म्हणत. 1956 पासून कायद्यात काळं पाणी गेलं, जन्मभराची कैद आली. शब्द तोच राहिला.

गिरणामाई: मला वाटतं 'येऊन ठेपला' मधलीच ठेप. मरण येऊन ठेपेपर्यंत. (पुरावा मागू नका.)

शुद्धमती: 'कैद', 'सजा' हे परके शब्द टाका की आता. 'बंदिवास', 'शिक्षा' आहेत ना आपले.

धुळेकर: 'तुरुंग' पण टाकणार का ताई? तो पोर्तुगीज 'ट्रोंको'वरून आला म्हणतात. ट्रोंको म्हणजे झाडाचं खोड, आणि पाय अडकवायचं लाकूडही. आपला 'खोडा' तरी दुसरं काय आहे? आणि 'शिक्षा' म्हणजे मुळात शिकवण. तो अर्थ आमच्या धुळ्याच्या तुरुंगाने पाळला: 1932 साली विनोबा दर रविवारी गीता सांगत, साने गुरुजी लिहून घेत.

शुद्धमती: म्हणजे शब्द संस्कृतच चांगला, हेच सिद्ध झालं.

भो_अमळनेरकर: आमच्या गल्लीत कोणी 'कारावास भोगून आला' म्हणत नाही. 'सजा काटीसन उना' म्हणतात. शिक्षा मास्तर करतो, सजा कोर्ट. हा फरक तुमच्या बंदिवासात कुठे बसवू?

गिरणामाई: मुदतीचं म्हणाल तर पूर्वी ती नसायचीच. खानदेशचे फारुकी सुलतान आपल्याच घराण्यातले पुरुष बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर डांबून ठेवत. गुन्हा एकच, राजाच्या रक्ताचे. 1601 साली अकबराने गड घेतला आणि शेवटचा बहादूरशाह कैदी म्हणून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात गेला. वर्षं कोण मोजणार?

काळाकोट: मग तोच खरा आजीवन कारावास.

भो_अमळनेरकर: नाही भो, ती नजरकैद.

गिरणामाई: नजरकैदेत बेडी नसते. किल्ल्यावर होती की नव्हती, ते आधी बघा.

तापीकाठ: मंडळी, कागद उद्या सकाळी द्यायचाय. काय लिहू?

सरकी: ढेपेचं पोतं केवढ्याला झालंय सध्या तिकडे?