चर्चांना टॅग लावताना शिस्त किती ठेवावी?

पानवेल यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या बागकाम-गटातील चर्चा एका सामायिक संग्रहात जतन केल्या जातात आणि त्या संग्रहाची जबाबदारी सध्या माझ्याकडे आहे. पूर्वी 'भाजीपाला', 'फुलझाडे', 'रोग व किडी', 'माती व खते' असे मोजके विभाग होते. परंतु कुंडीतील टोमॅटोवर थंडीत भुरी आली, तर ती चर्चा भाजीपाल्यात ठेवावी, रोगांत ठेवावी की आणखी कोठे, असा पेच वारंवार पडू लागला, म्हणून विभागांच्या जोडीला टॅगची सोय करून ज्याला जो टॅग सुचेल तो लावण्याची मुभा दिली.

परिणाम असा की 'कीड', 'किडी', 'कीटक', 'कीडनियंत्रण' हे चारही टॅग आज एकाच प्रकारच्या चर्चांवर विखुरलेले आहेत आणि त्यांपैकी एकावर टिचकी मारणाऱ्याला उरलेल्या तीन टॅगांखालचे काहीच दिसत नाही. 'बागकाम' हा टॅग जवळजवळ सगळीकडे आहे. 'मदत हवी' आणि 'तातडीचे' हेही भरपूर आहेत. टॅगांची ठरावीक यादी करून बाकीचे बंद करावेत की मोकळीक तशीच ठेवावी? एका चर्चेला किती टॅग पुरेसे असतात? जुन्या चर्चांचे काय करावे? अनुभवी सदस्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ग्रंथपाल यांचे उत्तर

आपल्यासमोरचा पेच ग्रंथालयशास्त्राला फार पूर्वीपासून परिचित आहे. पुस्तक कपाटात एकाच जागी ठेवता येते, विषय मात्र त्यात अनेक असतात. १८७६ साली आलेल्या ड्युई दशांश वर्गीकरणात तयार क्रमांकांच्या शिडीवर विषयाची जागा शोधली जात असे, भारतीय ग्रंथालयतज्ज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे पैलू सुटे करून ते नंतर जोडण्याची पद्धत आणली. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काळ हे त्यांचे पाच मूलभूत पैलू आजही टॅगांची आखणी करताना विलक्षण उपयोगी पडतात, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या संग्रहाला ते सहज लागू होतात. कोणते झाड, कोणती समस्या किंवा सामग्री, कोणती क्रिया, कोठे आणि कोणत्या ऋतूत, असे प्रश्न प्रत्येक चर्चेला विचारून पाहावेत. आपल्याच उदाहरणातील चर्चेला 'टोमॅटो', 'भुरी', 'कुंडी' आणि 'हिवाळा' हे टॅग मिळतात. त्यात फवारणीची चौकशी असेल तर 'फवारणी' हा पाचवा. ज्या पैलूविषयी चर्चेत काही नाही तो मोकळा सोडावा, जागा भरण्यासाठी टॅग लावू नये. वाचक 'कुंडी' आणि 'भुरी' हे दोन टॅग एकत्र निवडतो, तेव्हा कोणत्याही विभागाने पूर्वी न जुळवलेला गट त्याच्यासमोर येतो. टॅगांचे खरे सामर्थ्य या छेदनात आहे आणि म्हणून 'टोमॅटोवरील भुरी' असा जोडटॅग करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

दुसरा नियम अमेरिकन ग्रंथपाल चार्ल्स कटर यांचा, तोही १८७६ चाच: नोंद सर्वांत नेमक्या विषयाखाली करावी. मावा पडला असेल तर टॅग 'मावा' असावा, 'कीड' नव्हे. 'मावा', 'पिठ्या ढेकूण' आणि 'तुडतुडे' हे 'कीड' या व्यापक टॅगाखाली येतात, एवढा संबंध यादीत एकदा नोंदवला की 'कीड' निवडणाऱ्याला तिन्ही प्रकारच्या चर्चा दाखवता येतात. लिहिणाऱ्याने दोन्ही टॅग लावत बसण्याचे कारण नाही. 'बागकाम' हा टॅग आजच काढून टाकावा. जो टॅग सगळ्याच चर्चांना लागतो तो कोणतीही चर्चा वेगळी काढून देत नाही.

मोकळीक की यादी, या प्रश्नावर माझा कौल यादीला आहे. जॉर्ज फर्नस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दोन माणसांनी एकाच गोष्टीसाठी आपापल्या मनाने एकच शब्द निवडण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी आढळली. आपल्या गटात 'कीड' या एका विषयाचे चार टॅग झाले ते सदस्यांच्या निष्काळजीपणामुळे नव्हे. मनुष्यस्वभाव असाच आहे आणि त्यावर यादीखेरीज उपाय नाही.

मोकळे रान यांचे उत्तर

वरील उत्तरातील पैलूंची मांडणी मला पूर्णपणे मान्य आहे, परंतु फर्नस यांच्या अभ्यासातून काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. लोक वेगवेगळे शब्द वापरतात ही गोष्ट लिहिणाऱ्यांइतकीच शोधणाऱ्यांनाही लागू आहे. यादी करणाऱ्याने निवडलेला शब्द बहुसंख्य शोधणाऱ्यांच्या मनात येणारच नाही, आणि फर्नस यांचाही उपाय एका गोष्टीसाठी पुष्कळ पर्यायी नावे स्वीकारण्याचा होता. तेव्हा शब्द बंद करण्याऐवजी ते एकमेकांशी जोडावेत.

टॅगिंग लोकप्रिय झाले तेच मुळी या मोकळेपणामुळे. २००३ साली डिलिशस या सेवेवर लोक आपापल्या वाचनखुणांना स्वतःच्या सोयीचे टॅग लावू लागले आणि त्यातून आपोआप उभ्या राहणाऱ्या वर्गवारीला थॉमस व्हँडर वॉल यांनी २००४ मध्ये 'फोक्सॉनॉमी' हे नाव दिले. पुढे आर्काइव्ह ऑफ अवर ओन या कथासंग्रहाने जो मार्ग काढला तो मला सर्वांत समंजस वाटतो: लेखकाने हवा तो टॅग लावावा आणि स्वयंसेवकांनी पडद्यामागे समानार्थी टॅग एका प्रमाण टॅगाशी जोडावेत. वाचकाने त्यांपैकी कोणताही शब्द निवडला तरी सगळे साहित्य त्याच्यासमोर येते आणि लेखकाने लिहिलेला शब्द त्याच्या लेखनावर तसाच राहतो.

आपल्या गटात कोणी 'पांढरी बुरशी' असे लिहीत असेल, तर तो नवशिक्या आहे आणि त्याला 'भुरी' हे नाव अजून माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याच्यासारखाच दुसरा नवशिक्या उद्या तेच शब्द घेऊन उत्तर शोधायला येईल. यादी बंद केली तर ज्याला मदतीची सर्वाधिक गरज आहे त्याच्याच तोंडावर दार लागते. नवीन टॅग सर्वांनी निर्माण करण्यास हरकत असेल, तर स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगविषयक प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाप्रमाणे तो अधिकार काही काळ सहभाग घेतलेल्या सदस्यांपुरता ठेवावा. तेथे प्रत्येक प्रश्नाला किमान एक आणि कमाल पाच टॅग लावता येतात आणि समानार्थी टॅग मुख्य टॅगाला जोडले जातात. पाच ही मर्यादा आपल्यालाही पुरेल.

अक्षरजुळणी यांचे उत्तर

मतभेदात न पडता एक तांत्रिक बाब मांडतो, कारण मराठी टॅगांच्या बाबतीत तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर दोन्ही पद्धती कोलमडतील. 'ॲडेनियम' हा टॅग घ्या. त्याचे पहिले अक्षर 'ॲ' या एका स्वतंत्र चिन्हाने लिहिता येते, तसेच 'अ' आणि त्यावर चंद्राची खूण अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. स्वतंत्र चिन्ह युनिकोड या संगणकीय अक्षरमानकात २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले, त्यामुळे जुन्या कळफलकांच्या सवयी अजून टिकून आहेत. पडद्यावर दोन्ही रूपे बहुधा सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे टॅग असतात आणि युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरणही (समान रूपे एक करण्याची प्रक्रिया) त्यांना एक करत नाही.

'मोगऱ्याची छाटणी' या टॅगातही तोच धोका आहे. त्यातील अर्धा 'र' नुक्ताधारी (खाली टिंब असलेला) 'ऱ' वापरून लिहिता येतो किंवा साध्या 'र'ला हलन्त करून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही लिहिता येतो. टॅग साठवण्यापूर्वी अशी पर्यायी रूपे एका रूपात बदलणारा छोटासा नियम संग्रहाच्या प्रणालीत बसवून घ्यावा; टॅगाच्या मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागाही त्याच वेळी काढाव्यात. मात्र 'कीड' आणि 'किडी' अशी रूपे यंत्राने आपोआप जोडू नयेत, तो निर्णय माणसाने घ्यावा. नामे मूळ रूपात आणि एकवचनात ठेवण्याचा संकेत पाळला तर असे प्रसंग बरेच कमी होतात. 'मोगरा' आणि 'छाटणी' असे दोन टॅग केले असते, तर या उदाहरणातील अडचण मुळात उद्भवलीच नसती.

पानवेल

तिघांचेही मनःपूर्वक आभार. पैलूंची पद्धत आणि मागून जोडणी या दोहोंचा मेळ घालता येईल असे आता वाटते. 'मदत हवी' आणि 'तातडीचे' यांविषयी मात्र कोणी लिहिले नाही. सदस्यांना ते टॅग प्रिय आहेत, म्हणून काढण्यापूर्वी विचारते. जुन्या चर्चांविषयीचा प्रश्नही राहिला आहे.

ग्रंथपाल

'तातडीचे' हा टॅग चर्चेचा विषय सांगत नाही, लिहिणाऱ्याची त्या दिवसाची निकड सांगतो, आणि रोप वाचले किंवा गेले की ती निकड संपते. टॅग मात्र कायम राहतो. अशा टॅगांसाठी स्टॅक ओव्हरफ्लोने २०१० साली एक सोपी कसोटी सुचवली होती: चर्चेला तो एकच टॅग असता, तर चर्चा कशाविषयी आहे हे कळले असते का? 'मावा' या कसोटीला उतरतो, 'मदत हवी' उतरत नाही. सदस्यांची भावना रास्त आहे, म्हणून उत्तर मिळाले की नाही हे दाखवणारी वेगळी खूण द्यावी, जी उत्तर मिळताच बदलता येईल.

मोकळे रान यांचा 'पांढरी बुरशी'चा मुद्दा मला पटला. यादी ठेवावी, पण तिच्याबाहेरचा शब्द नाकारण्याऐवजी तो तपासणीसाठी बाजूला यावा आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी बसून तो योग्य टॅगाला जोडावा किंवा नवा म्हणून स्वीकारावा, अशी दुरुस्ती मी माझ्या मताला करतो. हे काम एकाच व्यक्तीवर न टाकता दोघांत वाटावे, आणि कोणता शब्द कशाला व का जोडला याची एक ओळ प्रत्येक वेळी लिहून ठेवावी, म्हणजे पुढे जबाबदारी घेणाऱ्याला तोच वाद पुन्हा घालावा लागणार नाही.

जुन्या चर्चा एकामागून एक उघडून टॅग लावत बसू नये. आधी समानार्थी टॅग जोडावेत. चर्चांना हात न लावता त्यातूनच बरीचशी विस्कळीतता मिटेल. त्यानंतर ज्या चर्चा लोक प्रत्यक्ष उघडतात त्यांचे टॅग उघडल्या उघडल्या दुरुस्त करावेत. उरलेल्यांपैकी ज्यांत उत्तर नाही त्या मागे राहिल्या तरी चालतील, पण ज्यांत रोगाचे नेमके निदान आणि उपचाराचा परिणाम नोंदवलेला आहे त्या शोधून काढून त्यांना पैलूंनुसार पूर्ण टॅग द्यावेत, आणि सुरुवात 'भुरी' व 'मावा' यांपासून करावी.