'चीटिंग'ला मराठीत काय म्हणाल? प्रतारणा, व्यभिचार की आणखी काही?

पानगळ:
मंडळी, मदत हवीय. जोडीदाराला अंधारात ठेवून माणसं दुसरीकडे का गुंततात आणि त्याने मागे काय उरतं, यावरचा एक लेख मराठीत करतेय आणि शीर्षकातच अडलेय. व्यभिचार लिहिलं की वाचणारा थेट लग्न आणि शरीरसंबंधावर जातो, लेखातली निम्मी जोडपी लग्न न केलेली आहेत आणि काहींचं तर सगळं रात्रीच्या मेसेजेसमध्येच घडलंय. फसवणूक म्हटलं की पैसे आठवतात. प्रतारणा फार पुस्तकी वाटतं.

कानामात्रा:
प्रतारणाच लिहा. आपण वापरत नाही म्हणून पुस्तकी वाटतो. फक्त 'तिची प्रतारणा केली' लिहा, 'तिच्याशी' नको. फसवणूक कुणाची तरी होते, कुणाशी होत नाही.

वेलांटी:
अहो पण 'तत्त्वांशी प्रतारणा' सर्रास म्हणतात की. 'शी' लागलं की बेइमानी, 'ची' लागलं की गंडवणं, असा फरक मला तरी स्पष्ट ऐकू येतो. नात्यात दोन्ही होतं, मग दोन्ही चालू देत.

कानामात्रा:
सर्रास चालतं म्हणून बरोबर ठरत नाही. मूळ धातू तॄ, तारणेवाला. संस्कृतात प्रतारणाचा अर्थ पलीकडे नेणं असाही आहे आणि फसवणं असाही. माझी आपली समजूत अशी, की विश्वासाने नावेत बसवायचं आणि भलत्याच काठाला उतरवून द्यायचं.

रिकामा_झोपाळा:
काठावरून आठवलं म्हणून लिहिते. सहा वर्षांच्या नात्यानंतर त्याच्या फोनमधले मेसेज वाचले तेव्हा माझ्या तोंडून 'तू मला फसवलंस' एवढंच आलं. तो म्हणाला, 'फसवलं काय, तुझं मी काय घेतलं?' आणि मला उत्तरच देता येईना. पुढे कित्येक महिने मी तारखा जुळवत बसायचे, अमुक दिवशी उशीर झाला होता म्हणजे तेव्हापासून का, ह्या फोटोत हसतोय तो मेसेज पाठवायच्या आधी की नंतर. पुढचं आयुष्य मोडलं ते मोडलंच, पण मागची सहा वर्षंही माझी राहिली नाहीत. व्यभिचार, बाहेरख्याली, लफडं, भानगड, शेण खाणं, सगळे शब्द त्याचे. माझं जे झालं त्याला शब्द कुठाय?

वेलांटी:
वाचून गलबललं गं. आणि ह्या शब्दांतही भेद बघ, बाहेरख्याली मी पुरुषाबद्दलच ऐकलाय. बाईचं मात्र 'पाऊल वाकडं पडतं'. त्याचा तो ख्याल, तिचं पाऊल.

तिरकी_रेघ:
विश्वासघात का नको? सगळ्यांना कळतो.

पानगळ:
तो मित्र करतो, भागीदार करतो, भाऊही करतो. शीर्षकातून विषयच कळणार नाही.

कानामात्रा:
व्यभिचारवर अन्याय होतोय. वि-अभि-चर्, ठरली वाट सोडून जाणं, इतकाच मूळ अर्थ. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, जो हेतू (दिलेलं कारण) साध्य (सिद्ध करायची गोष्ट) नसतं तिथेही सापडतो तो सव्यभिचार. काव्याच्या रसशास्त्रात ३३ व्यभिचारी भाव, म्हणजे येऊन जाणारे, न टिकणारे. गीतेच्या १३ व्या अध्यायात 'भक्तिरव्यभिचारिणी', म्हणजे न ढळणारी भक्ती. शरीराशी आपण बांधला, तेव्हा मेसेजमधल्यालाही खुशाल वापरा.

तिरकी_रेघ:
वाचणारा गीता उघडून बसणार नाही. त्याच्या मनात जो अर्थ आहे तोच खरा, मूळ काही असो.

पानगळ:
मला अडचण वेगळीच वाटते. लेखात २०१९ चा एक अभ्यास आहे, स्वतः असं वागल्याचं सांगणाऱ्या ४९५ जणांचा, त्यात ८ कारणं निघाली: राग, प्रेम न उरणं, बांधिलकी कमी, स्वतःला भाव मिळावा ही ओढ, जोडीदाराचं दुर्लक्ष, नावीन्य, लैंगिक इच्छा आणि प्रसंग, म्हणजे नशा, ताण वगैरे. सूड म्हणून केलेलं आणि नशेत घडलेलं, दोन्हीला व्यभिचार म्हटलं की शिक्का बसतो आणि 'का' हा प्रश्नच कुणी विचारत नाही.

रिकामा_झोपाळा:
कारणं जरूर लिही, मलाही हवी होती तेव्हा. मी कुठे कमी पडले हेच घोकत होते, आणि ह्या आठातली कितीतरी माझ्यावर अवलंबूनच नव्हती. पण मागे राहिलेल्या माणसाला लेखात काय म्हणणार आहेस? 'पीडित' नको प्लीज.

पानगळ:
सध्या 'फसवला गेलेला जोडीदार' लिहिलंय.

कानामात्रा:
'फसवला गेलेला' हे इंग्रजी वळण झालं. 'फसवलेला' लिहा.

वेलांटी:
'फसवलेला'त कुणी फसवलं तेच दिसत नाही. आणि हो, 'शी'चं अजून बाकी आहे, 'देशाशी द्रोह' चालतो मग प्रतारणेला काय झालं?